खांबेटेबाईंचा राहिलेला पेपर

आमच्या समोरच्या फ्लॅटमधल्या खांबेटेबाईंना स्वतःच्या आयुष्यात सध्या एकसष्ट टक्के आहेत. दिवाळीपर्यंत त्रेसष्ट होते. मग त्यांनी नोकरीच्या अकराव्या वर्षाची डायरी तपासली आणि दोन टक्के गेले. "अकरावं अगदीच सुमार गेलं रे निखिल," असं त्यांनी मला जिन्यात सांगितलं, तेही अशा वर्गातल्या आवाजात, की खालच्या काकू दार उघडून विचारायला लागल्या, कोणाचा मुलगा नापास झाला म्हणून.

समजावून सांगतो. बाई छत्तीस वर्षं शाळेत इतिहास शिकवत होत्या आणि नोकरीच्या पहिल्या दिवसापासून डायरी लिहीत होत्या. तुमच्याआमच्यासारखी नव्हे. आयुष्यात काही ठरवायची वेळ आली, की बाई पानाच्या डोक्यावर प्रश्न घालायच्या. 'प्रश्न : कर्वेनगरचा तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट घ्यावा का? कारणे द्या.' खाली मुद्देसूद उत्तर, शेवटी निर्णय, निर्णयाखाली पट्टीनं ओढलेली रेघ. वर्षाला एक अशा छत्तीस डायऱ्या झाल्या. निवृत्तीनंतर त्या कपाटात पडून होत्या. सत्तरी पूर्ण झाली त्या दिवशी बाईंनी जाहीर केलं, "आता तपासायला घेते. उत्तरपत्रिका इतकी वर्षं पडून राहू देणं शोभत नाही."

तेव्हापासून रोज दुपारी दोन ते चार बाई लाल पेन घेऊन स्वतःला गुण देतात. महिन्याला एक डायरी. फ्लॅटच्या उत्तराला दहापैकी पाच मिळाले. समासात शेरा होता, 'उजेडाचा मुद्दा योग्य. गुडघ्यांचा विचार केलेला नाही.' पर्यवेक्षकपद नाकारलं त्याला सात, शेरा, 'उत्तर बरोबर, कारणे लटकी.' एका सहकारी शिक्षिकेशी अबोला धरला होता, त्याला दोन. "दोन तरी कशाचे?" मी विचारलं. "अक्षराचे," बाई म्हणाल्या.

मी या भानगडीत कसा पडलो? माझी कंपनी हिंजवडीला, पण आठवड्यातले तीन दिवस मी घरून काम करतो. म्हणजे बाईंच्या मते मी नुसता घरी असतो. एके दिवशी त्यांनी बेल वाजवली आणि माझ्या हातात हिरवं पेन ठेवलं. "बोर्डाच्या पेपरांना मॉडरेटर असतो. माझे गुण बरोबर आहेत का, ते तू बघायचंस. चुकलं वाटलं तर हिरव्यानं लिहायचं." मी म्हटलं, "बाई, मला मीटिंग आहे." त्या म्हणाल्या, "असू दे. तिथं तू कुठे बोलतोस? मला भिंतीतून ऐकू येतं."

बाईंना खरं तर कमीच ऐकू येतं. त्यांचा फोनसुद्धा कायम स्पीकरवर असतो. पण हे त्यांना सांगायची माझ्या बायकोचीही छाती नाही.

या मॉडरेशनमध्ये मला एक स्थळ सापडलं. बाई पंचविशीच्या असताना आलेलं, अकोल्याचं. वडील नुकतेच गेलेले, आई आधीच गेलेली आणि घरात बारा वर्षांची धाकटी बहीण, शशी. बाईंनी मुलाकडच्यांना कळवलं होतं, शशीची दहावी होईपर्यंत थांबा. ते थांबले नाहीत. निर्णयाखाली रेघ होती आणि नऊ गुण होते.

"एक का कापलात?" मी विचारलं.

"मुलगा बरा होता," बाई म्हणाल्या आणि पान उलटलं.

त्या पहिल्या डायऱ्यांमध्ये जिकडे तिकडे शशीच होती. शशीला चष्मा लागावा का, शशीला सायकल घ्यावी का, शशीला कॉमर्सला घालावं का. बाईंनी आपलं सगळं डोकं त्या मुलीपायी झिजवलं होतं. पण आमच्या बारा वर्षांच्या शेजारात मी कधी कुणी शशी पाहिली नव्हती. दोनदा विचारलं, ती असते कुठे म्हणून. "पुढचा धडा आधी विचारायचा नाही," एवढंच उत्तर मिळालं. मी मनात धरून चाललो, की ती गेली असणार.

तर एका सोमवारी दुपारी आम्ही बाराव्या डायरीच्या मध्यावर होतो आणि बाईंचा फोन वाजला. स्पीकरवरच.

"मावशी, मी मृण्मयी बोलतेय. शशीची मुलगी. तुमचा नंबर तुमच्या एका विद्यार्थिनीकडून मिळवला."

बाईंनी पेनाला टोपण लावलं. "बोला."

"आईच्या हृदयाची झडप खराब झालीय. गुरुवारी सकाळी अकराला ऑपरेशन आहे, वाघोलीच्या अलीकडच्या हॉस्पिटलात. डॉक्टर म्हणतात, धोका आहे. आईनं मला फोन करायला सांगितलेलं नाही. मीच करतेय. तुम्ही याल का?"

पोरीचा आवाज कापत होता. बाई म्हणाल्या, "विचार करून कळवते," आणि फोन ठेवला.

"विचार?" मी म्हटलं. "बाई, यात विचार कसला?"

"तेहेतीस वर्षांत आमची भेट नाही, निखिल. असं उठून जाता येत नाही." त्यांनी कोरा कागद घेतला. वर लिहिलं, 'प्रश्न : शशीकडे जावे का? कारणे द्या.' आणि खाली काहीच लिहिलं नाही. थोड्या वेळानं म्हणाल्या, "याचं उत्तर सोळाव्या डायरीत आहे. तिथपर्यंत पोचलं पाहिजे."

"मग सोळावी काढा ना!"

"मधली सोडून? मागचं वाचल्याशिवाय पुढच्याची कारणं कळत नाहीत. छत्तीस वर्षं मी दुसरं काय शिकवलं?"

घ्या! महिन्याला एक डायरी तपासणारी बाई आता तीन दिवसांत चार डायऱ्या तपासणार होती. मला त्यांचा असा राग आला म्हणता, की हिरवं पेन तिथेच आपटून मी घरी आलो. बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "रागावतोस काय? जा, पानं उलटायला मदत कर. त्यांना एकटीला नाही झेपणार."

मंगळवारी मी सुट्टी टाकली. बाईंनी दोन ते चारचा नेम मोडला होता, सकाळी सातपासूनच बसल्या होत्या. बारावी संपली, तेरावी निम्मी झाली. शेरे आखूड होत चालले होते. 'ठीक.' 'बरे.' 'घाई केली.' जेवायला उठायला तयार नाहीत. बायकोनं पोळीचा रोल करून हातात दिला, तर एका हातानं खाल्ला आणि दुसऱ्यानं गुण दिले. मी दर तासाला घड्याळ बघत होतो आणि त्या मला दर तासाला "लक्ष कुठेय?" म्हणत होत्या.

बुधवारी दुपारी पंधरावी आली, आणि मला कळायला लागलं की पाणी कुठे मुरतंय. शशी तेवीस वर्षांची झाली होती. एका ऑफिसात हिशेबनीस म्हणून लागली होती आणि तिथे येणाऱ्या एका मुलावर तिचं मन बसलं होतं. मुलगा मार्केट यार्डातला, घरची कांदे-बटाट्याची आडत, शिक्षण बारावी. 'प्रश्न : शशीच्या निवडीला संमती द्यावी का?' खाली बाईंनी अडीच पानं लिहिली होती. मुलाच्या घरी किती माणसं आहेत, कोण किती शिकलंय, शशीला पहाटे उठून किती जणांचा स्वयंपाक करावा लागेल, सगळं होतं. निर्णय : संमती नाही. दोनदा ओढलेली रेघ.

बाईंनी ते उत्तर पुन्हा पहिल्यापासून वाचलं. मग समासात लिहिलं, 'मुलाला एकदाही भेटलेली नाही. ऐकीव माहितीवर उत्तर.' आणि दोन गुण दिले.

मी सोळावी डायरी पुढे सरकवली. त्यांनी तिच्यावर हात ठेवला.

"उद्या सकाळी."

"उद्या सकाळी अकराला ऑपरेशन आहे, बाई!"

"मला घड्याळ कळतं," त्या म्हणाल्या. पण त्यांनी डायरी दोन्ही हातांनी दाबून धरली होती. मी घरी आलो.

गुरुवारी साडेआठला मी गाडीची किल्ली घेऊन त्यांच्या दारात. बेल वाजवली. दार साखळीएवढं उघडलं.

"एक पान राहिलंय," आतून आवाज आला.

माझा तोल गेला. तिथेच, जिन्यात ओरडलो, "राहू द्या की! काय बोर्डाचा निकाल अडलाय तुमच्या पानावाचून? कर्वेनगरपासून वाघोलीपर्यंत सकाळच्या वेळेला दीड तास लागतो. नंतर आयुष्यभर बसा गुण देत!"

खालच्या काकूंचं दार उघडलं. वरचंही उघडलं. बाईंनी साखळी काढली. अंगावर इस्त्रीची साडी होती, केस नीट विंचरलेले होते, खांद्याला पर्स होती. म्हणजे निघायची सगळी तयारी करून बाई खुर्चीत बसून होत्या. टेबलावर सोळावी डायरी उघडी. मी वाकून पाहिलं. पानावर प्रश्न नव्हता, कारणं नव्हती. फक्त एक ओळ. 'शशीचे पत्र आले. तपासून परत पाठवले.' समास कोरा.

"तपासून म्हणजे?" मी विचारलं.

"याला किती द्यायचे ते मला ठरत नाहीये," बाई म्हणाल्या. "पहाटेपासून बसलेय. हे ठरल्याशिवाय मी कुठल्या तोंडानं तिच्यासमोर जाऊ?"

"शून्य द्या आणि चला."

"शून्य दिलं की झालं? इतकं सोपं असतं, तर तेहेतीस वर्षांपूर्वीच दिलं असतं."

मला शहाणपणाचं काही सुचलं असतं तर बरं झालं असतं. पण मी जे तोंडात आलं ते बोललो. "बाई, जिचं पत्र होतं ती अकरापर्यंत नक्की भेटेल. त्यानंतरचं डॉक्टरलाही माहीत नाही. तुमचं काय ते पटकन ठरवा."

बाईंनी माझ्याकडे असं पाहिलं, की मला वाटलं आता बाकावर उभं राहायला सांगतात. मग लाल पेन टेबलावर ठेवलं, डायरी मिटली आणि एका पायात बाहेरची, एका पायात घरातली चप्पल घालून जिना उतरायला लागल्या. तीन मजले, ते गुडघे आणि कठड्याला धरून एकेक पायरी. मी मागून मनातल्या मनात पायऱ्या मोजत होतो. गाडीत बसेपर्यंत नऊ वाजले.

संगम पूल मागे पडला. येरवड्याला गाड्या जागच्या जागी थांबल्या. पुढे एक टेम्पो बंद पडला होता आणि सगळं पुणे हॉर्न वाजवून तो चालू करायचा प्रयत्न करत होतं. नऊ चाळीस. तेव्हा बाई समोर बघत बोलायला लागल्या.

"तिनं रजिस्टर लग्न करायचं ठरवलं. चार पानी पत्र लिहिलं मला. ताई, तू आलीस तरच लग्नाला अर्थ आहे, अशा अर्थाचं. घरातून निघून मैत्रिणीकडे राहिली होती ती. मार्च महिना होता. मी शाळेतून आले, जेवणाच्या टेबलावर वार्षिक परीक्षेचे गठ्ठे होते. पोस्टमन पत्र देऊन गेला. मी त्या गठ्ठ्यांमध्येच बसून वाचलं. हातात पेन होतं रे. लालच होतं."

मी आरशात त्यांच्याकडे पाहिलं.

"मी ते पत्र तपासलं, निखिल. पहिल्या पानावर लिहिलं, पुनरुक्ती टाळावी. दुसऱ्यावर, मुद्द्याला धरून लिहावे. तिसऱ्या पानावर शाई फुटली होती. रडत लिहिलं होतं तिनं, ते काय मला कळलं नव्हतं? कळलं होतं. तिथं मी लिहिलं, खाडाखोड करू नये. शेवटी दहापैकी तीन दिले, पाकिटात घातलं आणि उलट टपाली पाठवून दिलं."

टेम्पो बाजूला झाला. मागचे माझ्या नावानं हॉर्न वाजवत होते आणि मला गिअर टाकायचं भान नव्हतं.

"चल," बाई म्हणाल्या. "उशीर होतोय."

खराडी बायपासला पुन्हा अडकलो. सव्वादहा. मृण्मयीचा फोन आला, स्पीकरवर. "मावशी, आईला आत घ्यायची तयारी चाललीय. कुठपर्यंत आलात?" बाईंनी माझ्याकडे फोन धरला. मी म्हटलं, "आलोच," आणि सिग्नल हिरवा व्हायच्या आत गाडी काढली. पुण्यात हे सगळेच करतात, पण मी आयुष्यात पहिल्यांदा केलं. बाई त्याबद्दल एक अक्षर बोलल्या नाहीत. त्यावरून मला कळलं, की त्या किती घाबरल्या आहेत.

दहा चाळीसला आम्ही हॉस्पिटलच्या दुसऱ्या मजल्यावर होतो. मृण्मयी लिफ्टपाशीच उभी होती, हात धरून आम्हाला आत घेऊन गेली. खोलीत ढकलगाडीवर एक बाई हिरव्या झग्यात आडवी होती. केस टोपीत, चेहरा उतरलेला, पण हनुवटी अगदी खांबेटेबाईंचीच. पलीकडे एक आडदांड, पांढऱ्या मिशांचा माणूस रुमाल हातात घेऊन उभा. आडतवाला हाच असणार. बाईंना पाहताच त्यानं झटकन रुमाल खिशात टाकला, जसे काही वर्गात शिक्षक आले.

शशीताईंनी मान वळवली. कुणाला काय वाटत होतं कोण जाणे, मला तर आता पळून जावंसं वाटत होतं.

"ताई," त्या म्हणाल्या, "पायात चपला वेगवेगळ्या का गं?"

बाईंनी खाली पाहिलं. त्यांना तेव्हाच कळलं. "शशी, ते पत्र मी..." एवढं म्हणाल्या आणि अडखळल्या.

"मी ते परत लिहिलं होतं," शशीताई म्हणाल्या. बोलताना त्यांना धाप लागत होती. "खूपदा लिहिलं. तू म्हणालीस ना, पुनरुक्ती टाळ. म्हणून एकेक काढत गेले. चाराची दोन पानं झाली, मग एक झालं. मृण्मयीच्या बारशाला लिहायला बसले, तर एकच ओळ उरली."

"काय?"

"ताई, ये ना."

"मग पाठवलं का नाहीस?" बाईंचा आवाज फुटला.

"परत आलं असतं तर?"

नर्स घाईत आली. तिला या दोघींचं काय माहीत असणार? "दागिने काढायचे राहिलेत. मंगळसूत्र कोणाकडे देऊ?" तिनं ते गळ्यातून सोडवलं आणि नवऱ्यानं सवयीनं हात पुढे केला.

"ताईकडे द्या," शशीताई म्हणाल्या.

बाईंनी प्रसाद घेतात तशी ओंजळ धरली. नर्सनं त्यात मंगळसूत्र टाकलं आणि गाडी ढकलत बाहेर नेली. बाई त्या गाडीच्या दांड्याला धरून, त्या दोन चपलांत, दारापर्यंत चालत गेल्या. दार बंद झालं तेव्हा अकराला पाच मिनिटं होती.

बाहेर खुर्च्यांची रांग होती. बाई एका टोकाला बसल्या. आडतवाले मधली एक खुर्ची सोडून बसले. मृण्मयी कागदांवर सह्या करायला खाली गेली. मी म्हटलं, "बाई, ते पर्समध्ये ठेवा, हरवेल." त्यांनी मूठ आणखी घट्ट मिटली.

"मी लग्नाला जायला हवं होतं रे," त्या म्हणाल्या. माझ्याकडे न बघता, सरळ. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि त्या ते पुसतही नव्हत्या.

आडतवाले चुळबुळले. मग घसा साफ करून, जरा भीत भीत म्हणाले, "चहा सांगू का, ताई?"

बाईंनी तेहेतीस वर्षांत पहिल्यांदा त्या माणसाकडे नीट पाहिलं असावं.

"अहो," त्या म्हणाल्या, "लग्नात शशीनं साडी कुठली नेसली होती?"

"मोरपंखी. जरीच्या काठाची." ते अवघडून गेले. "तुमचीच होती ना ती? तुमच्या कपाटातनं आणलेली. आमच्या आईनं नवा शालू आणला होता, पण ती ऐकेना. म्हणाली, ताई येणार नसली तर ताईची साडी तरी अंगावर असू दे."

"देवा रे!" बाई म्हणाल्या. "ती साडी मी वर्षभर शोधत होते. कामवालीवर संशय घेतला मी, बिचारीला काढून टाकलं." आणि त्या रडता रडता हसायला लागल्या. आडतवालेही हसले आणि त्यांनी खिशातून पुन्हा रुमाल काढला.

बाई उठल्या आणि मधल्या रिकाम्या खुर्चीवर येऊन बसल्या.

"शशीला ती साडी कशी दिसत होती?" त्यांनी विचारलं. "मला नीट सांगा."